माझ्या पोटी महसीर

मित्रांनो, कुरखेड्याकडच्या एका मत्स्यबीज केंद्रात, सिमेंटच्या टाकीत राहणारा मी एक जुना सायप्रिनस आहे. नाव ऐकून तुम्ही फारसे हरखला नसाल, हे मला ठाऊक आहे. बाजारात लोक आधी रोहू विचारतात, मग कटला विचारतात, आणि दोन्ही संपले असतील तर नाइलाजाने आमच्याकडे बोट दाखवतात. सायप्रिनसला काटे फार, असं म्हणतात. म्हणोत बापडे! पण मी सायप्रिनस असून महसीराच्या पिल्लांचा बाप झालो आहे, आणि हे सांगून मी उगाच तोंडाची वाफ दवडत नाही. त्याचा पुरावा आहे. त्या पुराव्यासाठी काय काय सोसावं लागलं, तेच आज तुम्हाला सांगणार आहे. माझ्या बोलण्यात थोडा ताठा जाणवेल. तो आहेच, आणि तो मी कष्टाने मिळवला आहे.

माझ्या जन्मापासून सुरुवात करतो. आमची अंडी चिकट असतात आणि पाणवनस्पतींना चिकटून बसतात. माझं अंडं फळलं न फळलं तोच ते थंडगार पाण्यात बुडवलं गेलं. त्या हिसक्याने आतलं गणितच बदललं. एरवी माशाला आईकडून एक आणि बापाकडून एक असे गुणसूत्रांचे दोन संच मिळतात; आम्हा भावंडांना तीन-तीन मिळाले. तुम्ही बिनबियांचं कलिंगड खाल्लं असेल ना? त्यातही तीनच संच असतात. वेल वाढते, फळ धरतं, गर गोड होतो, पण बी म्हणून काही तयार होत नाही. आमचंही तसंच होणार होतं. आम्ही खाणार, पोहणार, मोठे होणार, पण आमच्या पोटी आमचं बीज कधी धरणार नव्हतं. सरळ सांगायचं तर आम्हाला जाणूनबुजून वांझ केलं होतं.

यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, मित्रांनो. घर रिकामं केल्याशिवाय पाहुणा राहणार कुठे?

तो पाहुणा होता भामरागडच्या पलीकडच्या एका डोहातला. पावसाळ्यात जिकडचा रस्ता तुटतो, त्या बाजूच्या एका नदीत हा खोल डोह आहे आणि त्याच्या काठावर, डोहाची राखण करणाऱ्या चैतूचं गाव आहे. त्या गावाची रीत अशी की बाकी नदीत जाळं टाकायचं, पण डोहात टाकायचं नाही. डोहातला मासा हा नदीचा बियाण्याचा कणगा, तो कोणी फोडत नाही. त्यामुळे तिथे महसीर वाढले होते. मोठमोठ्या खवल्यांचे, सोनेरी झाक असलेले ते मासे, त्यांना वाहतं पाणी लागतं. आमच्यासारखे ते डबक्यात अंडी घालत नाहीत, आणि वयात यायलाही कित्येक वर्षं घेतात.

एका उन्हाळ्यात बाहेरून कोणी लोक आले आणि त्यांनी त्या डोहात बारूद फोडली. गाव धावत जाईपर्यंत ते जे सापडलं ते घेऊन पसार झाले होते. डोहात एकच नर उरला होता, तोही कलंडून श्वास घेणारा.

नद्यांमधले मासे तपासत फिरणारी कहकशाँ नेमकी तेव्हा भामरागडला होती. ही चंद्रपूरच्या अयूबमियाँ घड्याळजींची मुलगी. बापाने सारी हयात डोळ्याला भिंग लावून घड्याळांची चाकं चिमट्याने बसवली. मुलीने तोच हात उचलला आणि सूक्ष्मदर्शकाखाली नेला. ती काठावर पोचली तेव्हा चैतू त्या माशाला दोन्ही हातांनी पाण्यात धरून बसला होता.

कहकशाँने त्याला खरं तेच सांगितलं. "हा वाचणार नाई, भाऊ. पण याच्या पोटात बीजाच्या कच्च्या पेशी हायेत. त्या मी काढून गोठवून ठेवते, अन् दुसऱ्या माशाच्या पोटात रुजवते. रुजल्या तर याचा वंश राहील."

चैतूने माशाला धरूनच ठेवलं. मग म्हणाला, "नेऊन राह्यले तर न्या. पण लेकरं इथी आणून द्या. याचीच पायजे. दुसऱ्या कोणाची डोहात नाई पायजे."

कहकशाँने शब्द दिला.

हे सगळं मी पाहिलेलं नाही. हे मला मुखरूने सांगितलं. मुखरू आमच्या केंद्रातला जुना माणूस, ढिवराच्या म्हणजे मासेमाराच्या घरचा, टाकीत कोंडा आणि ढेप टाकताना जगभरच्या गोष्टी बोलतो. आम्ही उलटून बोलत नाही, म्हणून त्याला आमची संगत आवडते. माझं झिंगू हे नाव त्यानेच ठेवलं, कारण लहानपणी मी झिंग्याएवढाच होतो. शेजारच्या टाकीतल्या माझ्या बहिणीला त्याने आपल्या सासूचं नाव दिलं, मनकर्णा. ही बातमी सासूच्या कानावर अजून गेलेली नाही.

तर मी अंड्यातून नुकताच बाहेर आलो होतो. अंग काचेसारखं आरपार दिसत होतं. कहकशाँने मला सूक्ष्मदर्शकाखाली आडवं केलं आणि केसाहून बारीक काचेच्या सुईने महसीराच्या त्या पेशी माझ्या पोटात सोडल्या. या पेशींची अक्कल मोठी. त्यांना कोणी वाट दाखवत नाही. जिथे बीज तयार होतं त्या जागेकडे त्या आपल्या आपण सरकत जातात. नराच्या पोटात रुजल्या तर पांढरं बीज तयार करतात, मादीच्या पोटात रुजल्या तर अंडी. म्हणून काही पेशी मला दिल्या. मनकर्णाच्या पोटात मात्र दूरच्या दुसऱ्या डोहातल्या महसीराच्या पेशी घातल्या, म्हणजे पुढे पिल्लं एकाच रक्ताची होऊ नयेत.

सोडताना त्या पेशींना लाल रंग दिला होता. विशिष्ट दिव्याखाली माझ्या पोटात लाल ठिपके चमकायचे आणि कहकशाँ खूश व्हायची. पण पेशी वाढायला लागल्या की एकीच्या दोन आणि दोनाच्या चार होतात, आणि रंग वाटला जाऊन फिका पडत जातो. काही दिवसांत माझं पोट पुन्हा साधं दिसू लागलं. आता आत महसीर आहे की नाही, हे वरून कोणालाच सांगता येईना. मासा पाणी कधी पितो ते जसं कळत नाही, तसंच हे होतं.

दुसऱ्या पावसाळ्यात मी भरलो. महसीराला जे करायला वर्षानुवर्षं लागतात ते माझ्या जातीच्या घाईने मी लवकर उरकलं. पोट जरा दाबलं की पांढरं बीज येऊ लागलं. तीन संचांच्या वांझ माशाकडे बीज! आडात नाही ते पोहऱ्यात आलं होतं. मुखरू तर नाचायचाच बाकी होता. पण कहकशाँ म्हणाली, "थांबा. हे बीज कोणाचं, ते आधी पाहू."

कोणाचं बीज आहे हे कसं कळतं, ते सांगतो. प्रत्येक जिवाच्या पेशीत एक लिखाण असतं. त्यात एक जागा अशी आहे की तिथला मजकूर महसीरात लांब आहे आणि सायप्रिनसमध्ये आखूड. कहकशाँ तेवढाच तुकडा यंत्रात घालून त्याच्या अगणित नकला काढते आणि त्या खळीसारख्या घट्ट चकतीतून विजेच्या जोरावर पळवते. आखूड तुकडे पुढे पळतात, लांब मागे राहतात. दिव्याखाली चकती धरली की पट्ट्या चमकतात. खालची पट्टी सायप्रिनसची आणि वरची महसीराची. माझ्या पराचा, म्हणजे पोहायच्या पंखाचा, टवका तपासला तर खालची पट्टी यायला हवी, कारण अंग माझंच. पण माझ्या बीजात फक्त वरची यायला हवी.

हे ऐकून अयूबमियाँ मुलीला म्हणाले होते, "मतलब केस एका कंपनीची, अन् आतली मशीन दुसऱ्या कंपनीची." इतकं नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

बीज काढायचा दिवस आला. मुखरूने मला खांद्यावरच्या ओल्या दुपट्ट्यात गुंडाळलं, डोळे झाकले, आणि अलगद पोटावरून अंगठा फिरवला. मी जराही तडफडलो नाही. दुपट्ट्याच्या काठावरून बीज ओघळून नळीत पडलं. मग तशीच मनकर्णाची अंडीही काढली.

"वा मुखरूभाऊ," कहकशाँ म्हणाली, "तुमच्या हातात मासा बाळावानी राह्यते."

"बी देणाऱ्या माशाले उघडा नाई धरत, बाई," मुखरू म्हणाला. "बाळंतिणीवानी झाकून धरा लागते. आमच्या घरी आज्यापासून असंच हाये."

नळ्या बर्फात घालून ती चंद्रपूरला आपल्या प्रयोगशाळेत गेली, आणि परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"झिंगूच्या बीजात दोन्ही पट्ट्या दिसून राह्यल्या, भाऊ. वरची बी अन् खालची बी. मनकर्णाच्या अंड्यांतबी तसंच."

"दोन-दोन भेटल्या म्हंजे चांगलंच ना?"

"कायचं चांगलं! खालची पट्टी म्हंजे सायप्रिनस. म्हंजे याचं सोताचं बीज पुरतं मेलं नाई. याची लेकरं म्हणून डोहात सोडली अन् त्यात सायप्रिनस निघाले, तर?"

मुखरूच्या हातातला कोंडा तसाच राहिला. त्याला समजावून सांगायची गरज नव्हती, आणि मलाही नाही. माझी जात मला ठाऊक आहे, मित्रांनो. आम्ही तळाचा चिखल उकरून खातो आणि सारं पाणी गढूळ करतो. तलावात ते खपून जातं. पण चैतूच्या डोहात, त्या निवळशंख पाण्यात, गोट्यांना चिकटलेल्या महसीराच्या अंड्यांवर आमची पिल्लं गेली तर बारुदीने जे उरवलं होतं तेही उरणार नाही.

केंद्राचे साहेब म्हणाले, शंकेचा मासा इथे ठेवायचा नाही, येत्या बाजाराला सगळे काढून टाका. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. कहकशाँने एवढंच मागितलं, की शेवटचा अहवाल लिहिण्याआधी तेच बीज मला आणखी एकदा तपासू द्या.

मला बाजाराची भीती वाटली, हे खोटं कशाला बोलू? टोपलीतल्या ओल्या गवतावर पडून तोंड उघडमिट करणाऱ्या माझ्या जातभाईंबद्दल मी ऐकून आहे. पण त्याहून मोठं दुःख वेगळं होतं. गोठवलेल्या पेशी संपल्या होत्या. तो नर केव्हाच गेला होता. आता त्याचं जे काही या जगात उरलं होतं ते माझ्या पोटात होतं, आणि तेही खोटं ठरत होतं. ज्याचा मुक्काम मी एवढ्या जिव्हाळ्याने पोटात वागवला, तो मुळात आलाच नव्हता की काय, या विचाराने मला ढेप गोड लागेना. मुखरू कोंडा टाकून लगेच निघून जायचा. पहिल्यांदाच त्याने गोष्टी सांगणं बंद केलं.

इकडे चंद्रपुरात कहकशाँ अपयशाची खात्री करायला बसली. ती आता आणखी बारीक खुणा बघत होती. सायप्रिनस म्हटला तरी प्रत्येक सायप्रिनस सारखा नसतो. लिखाणात काही ठिकाणी तीच अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, आणि किती वेळा येतात ते प्रत्येकाचं वेगळं, जसे तुमच्या अंगठ्याचे ठसे. माझ्या बीजात जो सायप्रिनस सापडला त्याचा ठसा माझ्या पराच्या ठशाशी जुळला की अहवाल संपणार होता.

तो जुळलाच नाही!

माझ्या बीजात सायप्रिनस होता, पण तो मी नव्हतो. तो एकही नव्हता. दोन-चार अनोळखी सायप्रिनस तिथे दाटीवाटीने बसले होते. मनकर्णाच्या अंड्यांतही तीच मंडळी. आता सांगा मित्रांनो, माझ्या पोटात माझंच बीज शिल्लक असतं तर त्यावर ठसा परक्यांचा कसा उमटला असता?

कहकशाँ पहिल्या बसने केंद्रावर आली आणि उभ्याउभ्याच मुखरूला विचारू लागली. "त्या दिवशी झिंगूच्या आधी कोणते मासे धरले होते तुमी?"

"विक्रीचं बीज काढायचं होतं ना. सकाळी साध्या टाकीतले सायप्रिनस काढले."

"कशात धरले?"

"कशात म्हंजे? यातच." मुखरूने खांद्यावरचा दुपट्टा दाखवला.

कहकशाँ त्या दुपट्ट्याकडे पाहतच राहिली. सकाळभरच्या माशांची बुळबुळ आणि बीज त्यात मुरलं होतं, आणि त्याच्याच काठावरून माझं बीज ओघळून नळीत गेलं होतं. तिने कपाळावर हात मारून घेतला आणि हसत सुटली. "या खुदा! मी समोर उभी राहून शाबासकी देऊन राह्यली होती!"

मुखरूला मात्र हसू आलं नाही. त्याने दुपट्टा खांद्यावरून काढून घडी केली. "म्हंजे माह्यापायी झालं हे, बाई? या जिवाले बाजारात पाठवून राह्यलो होतो मी?"

"आपल्या दोघांपायी झालं, भाऊ. तुमी झाकलं, मी पाह्यलं. झाकणं सोडू नका, फक्त कापड बदला."

मग तसंच ठरलं. प्रत्येक माशाला उकळून वाळवलेला नवा कपडा, आणि तो फक्त डोळ्यांवर. पोट आणि शेपटीकडची बाजू कागदाने कोरडी पुसायची, बीज थेट नळीत घ्यायचं. मुखरूने माझे डोळे झाकले. या वेळी त्याने अंगठाही दोनदा पुसला आणि मग पोटावर ठेवला. मला माझ्या पाहुण्याची खात्री होती.

निकाल आला तो कहकशाँच्या आवाजासकट आला. फाटकापासूनच ती ओरडत होती, "झिंगू, तू खरा निघाला रे!" चकतीचा फोटो तिने मुखरूसमोर धरला आणि मग, काय वाटलं कोण जाणे, टाकीवर वाकून माझ्यासमोरही धरला. मला काय कळणार त्यात, पण पट्टी एकच होती एवढं दिसलं. वरची. खाली काळाकुट्ट अंधार. मनकर्णाचीही तशीच. साहेबांनी मुद्दाम टाकीपाशी येऊन मला पाहिलं आणि म्हणाले, "याला आता वेगळी टाकी द्या." मित्रांनो, त्या दिवशी मी टाकीत इतक्या फेऱ्या मारल्या की मुखरूला वाटलं पाण्यातली हवा कमी झाली.

मनकर्णाची अंडी आणि माझं बीज एका स्वच्छ थाळीत घेऊन पिसाने हलकेच कालवलं गेलं. अंडी फळली, पिल्लं निघाली, वाढली. मग कहकशाँ म्हणाली, डोहात सोडण्याआधी पिल्लांचीही परीक्षा होणार. प्रत्येकाच्या पराचा इवलासा टवका घेऊन ती पुन्हा चंद्रपूरला गेली.

त्या दिवसांत मनात एक विचार येऊन गेला, तो लपवत नाही. एखाद्या पिल्लात तरी माझी एक खूण असावी, असं वाटलं. मिशांचं एखादं वळण, नाहीतर शेपटीचा फटका. बापाचं मन आहे, त्याला काय करणार? पण लगेच तो डोह आठवला, चैतूने धरलेला तो कलंडलेला मासा आठवला, आणि मी स्वतःलाच दटावलं. पाहुण्याची ठेव परत करताना त्यातला चतकोर तुकडा आपल्याकडे ठेवणं, याला काय म्हणतात ते तुम्हाला शाळेत शिकवलंच असेल.

एकाही पिल्लात माझी खूण निघाली नाही. सगळ्यांची पट्टी वरची. कहकशाँने हे सांगितलं तेव्हा मला वाटला तितका अभिमान कोणत्याही बापाला वाटला नसेल. पोटचं मूल आपल्यासारखं निघालं म्हणून मिरवणारे पुष्कळ असतात. माझं एकही माझ्यासारखं निघालं नाही, म्हणून मी मिरवतो.

पावसाळा सरला, भामरागडचा पूल पाण्याबाहेर आला, आणि मुखरू व कहकशाँ पातेल्यात पिल्लं घेऊन डोहावर गेले. काठावर सारं गाव जमलं होतं. कहकशाँ चैतूला पट्ट्यांचा फोटो दाखवू लागली. त्याने तो हातात घेतला, नीट पाहिला आणि परत केला. मग पातेल्यापाशी बसून म्हणाला, "तुमी तुमच्या परीनं वळखलं. आता आमाले आमच्या परीनं पाहू द्या."

त्याने पातेलं डोहाच्या तोंडाशी, जिथे पाणी जोराने आत येतं, तिथे कलतं केलं. मुखरू सांगत होता, की तोही वाकून पाहू लागला. ही पिल्लं सिमेंटच्या टाकीत वाढलेली, मुक्या पाण्यात, माझ्यासारख्या सुस्ताच्या शेजारी. सायप्रिनस असते तर शांत जागा पाहून तळाच्या चिखलाकडे गेले असते.

इथे एक विनंती करतो, मित्रांनो, आणि मग माझं सांगणं संपवतो. तुमच्या गावाजवळ नदी असेल, तिच्यात एखादा डोह असेल, तर त्याची राखण करा. त्यात बारूद टाकणाऱ्याचा हात धरा, विष कालवणाऱ्याला अडवा. वाचवायला सुया आहेत, यंत्रं आहेत, कहकशाँसारखी माणसं आहेत आणि माझ्यासारखे मासेही आहेत. पण आम्ही सगळे मिळून वंश परत आणू शकतो, नदी नाही.

पिल्लं पातेल्यातून बाहेर पडली. क्षणभर पाण्याने त्यांना मागे लोटलं. मग सगळ्यांनी एकदम तोंडं वळवली आणि ती येणाऱ्या पाण्याच्या समोर उभी राहिली. त्यांना हे कोणी शिकवलं नव्हतं. मी तर जन्मात वाहतं पाणी पाहिलेलं नाही.

चैतू उठला. "आपलीच हायेत," तो म्हणाला.